रथ गेल्यावर कुंडिनपुरात

भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणीहरणाला मोजके तीन अध्याय पुरतात. पत्र जातं. ते नेणारा ब्राह्मण द्वारकेहून होकार घेऊन परततो. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला गेलेली राजकन्या देवळाबाहेर पडते आणि कृष्ण तिला सगळ्या राजांच्या देखत रथात घेतो. पाठलाग होतो, लढाई होते, रथ द्वारकेला पोचतो. तिथे रीतसर लग्न लागतं. कीर्तनकार या ठिकाणी श्रोत्यांवर अक्षता उधळतो, बुक्का लागतो, आरती होते आणि मंडळी चपला शोधायला लागतात.

रुक्मिणीच्या माहेरी, विदर्भातल्या कुंडिनपुरात मात्र मांडव तसाच उभा होता. शिशुपालाकडची पाहुणे मंडळी गावात उतरलेली होती. हिरमुसलेल्या नवरदेवाची समजूत जरासंधाने घातली आणि ते सगळे आपापल्या गावी निघून गेले, एवढं भागवतकार सांगतो. भीष्मक राजाचं काय झालं? मुलगी गेली, थोरला मुलगा सूड घ्यायला बाहेर पडला तो परत आला नाही. वाढून ठेवलेल्या पंक्तींचं काय झालं? पोथीला याच्याशी कर्तव्य नाही. पोथी रथाबरोबर गेली.

पुराणांनी आणि महाकवींनी विदर्भाला एक काम ठरवून दिलेलं दिसतं, ते म्हणजे मुली देणं. लोपामुद्रा अगस्त्याला दिली, दमयंती नळाला, इंदुमती अजाला, रुक्मिणी कृष्णाला, मालविका अग्निमित्राला. पाठवणी झाली की कवी नवऱ्यामुलाकडच्या गावाला निघून जातो. मागे राहतं ते माहेर. आणि माहेराला गोष्ट संपलेली परवडत नाही. लेक दिली म्हणजे सण आले, बाळंतपणं आली, रुसवे आले, व्याह्यांचे मानपान आले. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत फिरताना जागोजाग जाणवतं की इथल्या माणसांनी ही मोठमोठी आख्यानं नेमकी तिथून पुढे धरली, जिथे पोथी मिटली. कुठे दगडाच्या मूर्तीने, कुठे यात्रेने, कुठे पायी वारीने, कुठे बायकांच्या गाण्यांनी.

गोष्ट संपल्यावर पुढचं विचारण्याची खोड तशी जुनीच आहे. महाभारताची अठरा पर्वं ऐकून झाल्यावर शौनकाने सौतीला सांगितलं की कुरूंची हकीकत तू सांगितलीस, पण वृष्णी आणि अंधकांची राहिली. त्या एका तक्रारीपोटी हरिवंश जन्मला. परंपरेने त्याला महाभारताचं खिल, म्हणजे मागाहून जोडलेलं परिशिष्ट मानलं. रामायणातही युद्धकांडाच्या शेवटी फलश्रुती येते. ऐकणाऱ्याला काय पुण्य मिळेल ते सांगून झालं म्हणजे ग्रंथ संपला असंच समजायचं असतं. तरीही त्याच्यामागून उत्तरकांड येतं आणि राज्याभिषेकाच्या आनंदावर पाणी फिरवतं. ऐकणाऱ्यांनी सांगणाऱ्याला सोडलेलं नाही, हे या दोन्ही ठिकाणी उघड दिसतं.

अमरावतीच्या पश्चिमेला भातकुली आहे. तालुक्याचं गाव आहे आणि जैनांचं तीर्थक्षेत्र म्हणून जास्त प्रसिद्ध आहे. अभ्यासक या गावावर बोट ठेवून सांगतात की हेच भोजकट, म्हणजे रुक्मिणीच्या भावाने, रुक्मीने वसवलेली राजधानी. कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी त्याची शपथ होती. तो हरला. कृष्ण त्याला मारणार तोच रुक्मिणीने पाय धरले, म्हणून जीव वाचला. पण कृष्णाने त्याला वस्त्राने बांधलं आणि डोक्याचे नि मिशांचे केस इथे तिथे भादरून त्याचं विद्रूप ध्यान करून सोडलं. बलरामाला हे रुचलं नाही. सोयऱ्याला असं विद्रूप करणं म्हणजे त्याला मारण्यासारखंच आहे, असं त्याने धाकट्या भावाला सुनावलं. शपथ तर मोडता येत नाही आणि तोंडही दाखवता येत नाही, अशा अवस्थेत रुक्मी जिथे थांबला तिथेच त्याने नवं नगर वसवलं.

माझ्या मते संस्कृत पुराणांतल्या पराभूत माणसांमध्ये रुक्मीइतका माणसासारखा माणूस क्वचित सापडेल. खलनायक म्हणून त्याचं काम एका अध्यायात संपलं होतं. पण व्यास त्याला सोडत नाहीत. उद्योगपर्वात तो एक अक्षौहिणी सेना घेऊन पांडवांच्या छावणीत येतो आणि अर्जुनाला म्हणतो, तुला भीती वाटत असेल तर मी आहे. अर्जुन हसून त्याला वाटेला लावतो. तो तसाच दुर्योधनाकडे जातो, तोही नको म्हणतो. सगळं भारतवर्ष ज्या युद्धात उतरलं त्यात ज्याला कोणीच घेतलं नाही असा हा एक राजा. या युद्धापासून दोघेच दूर राहिले, रुक्मी आणि बलराम, असं महाभारत नोंदवतं. या दोन नावांची जोडी पुढे कुठे जाऊन मिळते ते पाहण्यासारखं आहे.

भागवतातच पुढे काही अध्याय ओलांडले की कळतं, वैर मनात ठेवूनही रुक्मीने बहिणीच्या सुखासाठी आपली मुलगी रुक्मवती तिच्या मुलाला, प्रद्युम्नाला दिली. पुढे नातही, रोचना, प्रद्युम्नाच्या मुलाला, अनिरुद्धाला देऊ केली. आत्याच्या घरात मुलगी देण्याची ही रीत वऱ्हाडाला परकी नाही. मनं आंबली असली तरी सोयरीक तुटू द्यायची नाही, हा खेड्यातला व्यवहार इथे राजघराण्यात दिसतो. तर अनिरुद्धाच्या लग्नासाठी द्वारकेची सगळी मंडळी भोजकटात आली. लग्न लागलं. मग कलिंगाच्या राजाने रुक्मीला फूस दिली की बलरामाला फाशांचा नाद आहे, पण खेळता येत नाही, बसव त्याला. शंभर, हजार, दहा हजार असे पण लागले, रुक्मी जिंकत गेला, कलिंगराज दात दाखवून हसत राहिला. मग बलराम लाखाचा डाव जिंकला आणि रुक्मीने तो नाकारला. पुढचाही डाव नाकारला आणि वर गवळ्यांना फाशांतलं काय कळतं असं म्हणाला. बलरामाने लोखंडी परिघ उचलून भर मांडवात त्याला ठार मारलं. हसणाऱ्या कलिंगराजाचे दात पाडले.

यानंतरचा एक श्लोक मला सगळ्या आख्यानात फार वरचा वाटतो. मेहुणा मारला गेला तेव्हा कृष्ण बरंही बोलला नाही आणि वाईटही बोलला नाही. रुक्मिणी आणि बलराम या दोघांच्या प्रेमाला तडा जाईल अशी त्याला धास्ती होती. ज्याने गीता सांगितली तो इथे गप्प बसतो. आणि रुक्मिणी? नातवाच्या लग्नात, सुनेच्या माहेरी, स्वतःच्या सख्ख्या भावाचा खून झालेला तिने पाहिला. तिच्या तोंडी एक शब्द नाही. नव्या सुनेला रथात बसवून मंडळी द्वारकेला निघून जातात. पुन्हा एकदा रथ जातो आणि विदर्भ मागे राहतो.

भोजकटाचं पुढे काय झालं, तर ते गोष्टीतून उठून सरकारी दप्तरात जाऊन बसलं. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा. भोजकट राज्यातलं, मधुनदीच्या काठचं चर्मांक नावाचं गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची ती नोंद आहे. दानाच्या अटी वाचनीय आहेत. या लोकांनी राजद्रोह करू नये, चोरी करू नये, व्यभिचार करू नये, दुसऱ्या गावांशी लढाई करू नये. केल्यास राजाने जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. म्हणजे रुसून वेगळ्या झालेल्या एका भावाच्या गावाच्या नावाने वाकाटकांच्या काळी महसूल चालत होता. रुक्मी खरा होता की नाही हा प्रश्न इथे गौण होतो. भातकुलीच्या जैन परंपरेतही तो आहेच. तिथल्या आदिनाथांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना रुक्मी राजाने केली असं भाविक मानतात. भागवताने ज्याला मांडवात मारलं, त्याला भातकुलीने मंदिर बांधायला लावलं.

रुक्मिणीच्याही आधीची विदर्भकन्या म्हणजे दमयंती. तिच्या बाबतीत कवींनी जे केलं ते सांगायला हवं. श्रीहर्षाचं नैषधीयचरित बावीस सर्गांचं आहे, आणि ते स्वयंवर, लग्न, मीलन एवढ्यावर थांबतं. द्यूत नाही, अरण्य नाही, अर्धं वस्त्र कापून झोपलेल्या बायकोला टाकून जाणारा नळ नाही. मराठीत रघुनाथ पंडिताचं आख्यानही स्वयंवराचंच. हंस, सौंदर्य, वरमाला यांत रमलेल्या कवींना पुढचं नको होतं. वनपर्वातली मूळ कथा मात्र दमयंतीला भटकवून शेवटी कुंडिनपुरात आणून सोडते. टाकलेली बाई माहेरी येते. आणि तिथून ती स्वतः गोष्टीचा दोर हातात घेते. दुसरं स्वयंवर मांडल्याचा खोटा निरोप अयोध्येला धाडते, मुदत एका दिवसाची ठेवते, कारण इतक्या वेगाने रथ हाकणारा सारथी जगात एक नळच आहे हे तिला ठाऊक आहे. नवऱ्याचा शोध ती माहेरच्या घरात बसून लावते. विदर्भातून गेलेल्या बाईची उरलेली गोष्ट विदर्भात येऊनच सुटते, याचं हे महाभारतातलंच उदाहरण.

संपलेली गोष्ट पुन्हा उघडणारा संस्कृतातला मोठा नाटककारही विदर्भाचाच. आठव्या शतकातला भवभूती आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत पद्मपुराचं नाव सांगतो. वा. वि. मिराशींनी ते गाव आमगावजवळचं पदमपूर म्हणून ओळखलं, म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातलं. वऱ्हाडातलं नव्हे, झाडीपट्टीतलं; पण विदर्भ म्हणून त्याच्यावर हक्क सांगायला हरकत नसावी. त्याच्या उत्तररामचरिताचा पहिला अंक मला कधीच जुना वाटलेला नाही. रामायण संपलं आहे, राम-सीता अयोध्येत आहेत, आणि लक्ष्मण त्यांना त्यांच्याच आयुष्यावर काढलेली चित्रं दाखवतो. वनवास, शूर्पणखा, हरण. ती दोघं स्वतःची गोष्ट बाहेरून पाहतात, मधेच घाबरतात, मधेच हळवी होतात. चित्रं पाहून थकलेली सीता रामाच्या दंडावर डोकं ठेवून झोपते, आणि तेवढ्यात हेर लोकापवादाची बातमी घेऊन येतो. सातव्या अंकात भवभूती नाटकात नाटक घालतो आणि वाल्मीकीने पृथ्वीच्या पोटात घातलेल्या सीतेला रामाच्या हाती परत देतो. शेवट आवडला नाही म्हणून बदलला, असं त्याने उघडपणे केलं.

लोकांनी सीतेची उरलेली गोष्ट याहून कडू ठेवली. जुन्या वऱ्हाड प्रांतातल्या यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी आहे. तिथे सीतेचं मंदिर आहे, एकटीचं. शेजारी राम नाही. टाकून दिलेली गरोदर सीता इथे राहिली, लव-कुश इथेच वाढले असं गाव मानतं. पोरांसाठी तिने घरोघर मूठभर गहू मागितले, कोणी दिले नाहीत, म्हणून या शिवारात गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला. लव-कुशांनी बांधून घातलेला मारुतीही इथे दाखवतात. या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेऊन केला. बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवणाऱ्या माणसाला हीच सीता सापडावी यात नवल नाही. रामाच्या बाजूला बसलेली सीता सगळीकडे आहे. दोन लेकरं घेऊन गव्हासाठी दारोदार फिरणारी सीता कापसाच्या पट्ट्यातल्या बायांना जास्त ओळखीची वाटली असेल, एवढंच म्हणतो.

अकोला जिल्ह्यात सांगोळा नावाचं गाव आहे. दसऱ्याला तिथे रावण जाळत नाहीत, त्याची पूजा करतात. काळ्या दगडाची, दहा तोंडांची, वीस हातांची मूर्ती आहे आणि सुमारे दोनशे वर्षांपासून ती पुजली जाते. कहाणी अशी सांगतात की गावाला एका ऋषीची मूर्ती घडवून हवी होती. शिल्पकाराच्या हातून घडला तो रावण. बैलगाडीतून मूर्ती आणताना गाडी शिवेवर अडली, पुढे सरकेना, म्हणून तिथेच तिची स्थापना झाली. रावणाची विद्वत्ता आणि शिवभक्ती यांचा मान राखतो, असं गावाचं म्हणणं असतं. दसऱ्याच्या आसपास वर्तमानपत्रांचे आणि वाहिन्यांचे प्रतिनिधी येतात, 'अजब गाव' म्हणून बातमी करतात आणि जातात. अजब त्यात फारसं काही नाही. सांगोळ्याने रामाला नाकारलेलं नाही. मेलेल्याशी वैर संपतं, हे रामच विभीषणाला सांगतो आणि रावणाचे अंत्यसंस्कार करायला लावतो. सांगोळ्याने रामाचं ते ऐकलं. बाकीचे गावोगाव दरवर्षी रावणाला पुन्हा पेटवतात.

मेळघाटात हे अजून पुढे जातं. कोरकूंच्या उत्पत्तिकथेत रावण हा निर्मितीला कारण झालेला आहे. 1916 मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात ती नोंदवली. सातपुड्याचे डोंगर माणसांविना ओसाड पाहून रावणाने महादेवाला विनवलं. महादेवाने कावळ्याला धाडून लाल मातीचं वारूळ शोधवलं, त्या मातीच्या दोन बाहुल्या केल्या. इंद्राच्या घोड्यांनी त्या तुडवल्या, मग राखणीला कुत्रा घडवला, आणि त्या जोडप्यापासून कोरकू झाले. होळीनंतर मेळघाटातल्या गावांत मेघनाथाची यात्रा भरते, उंच खांब उभा करतात, नवस फेडतात. लंकेत मारला गेलेला इंद्रजित इथे पीकपाण्याला आणि लेकराबाळांना लागणारा देव आहे. चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले, हे प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकातही आलेलं असल्याने इथे विस्तार करत नाही. त्यात पाहुण्यांना दाखवायचा भाग जास्त आहे.

हरलेल्याची गोष्ट पुढे नेण्याची ही ओढ जगात दुसरीकडेही मोठं काम करून गेली आहे. होमरने ट्रॉयचं युद्ध ग्रीकांच्या बाजूने सांगितलं. सातशेहून अधिक वर्षांनी व्हर्जिलने हरलेल्या ट्रॉयमधून म्हातारा बाप खांद्यावर घेऊन पळालेला इनिअस उचलला आणि त्याच्यापासून रोमचा वंश काढला. तिथे मागे सम्राट ऑगस्टस होता, राज्याला पूर्वज हवे होते. सांगोळ्याच्या मागे कोणी सम्राट नाही. अडलेली बैलगाडी आहे.

बायकांच्या बाजूला भुलाबाई आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर वऱ्हाडात आणि खानदेशात घरोघर मातीची भुलाबाई, भुलोजी आणि त्यांचा गणोबा बसतो, ज्वारीच्या धांड्यांचा मखर होतो, मुली टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा असतो. शंकराशी सारीपाट खेळताना भांडण झालं आणि पार्वती भिल्लिणीचा वेश घेऊन निघून गेली, त्याची ही आठवण असं एक कथन आहे. शिवपार्वतीचं लग्न कालिदासाने कुमारसंभवात थाटात लावलं. लग्नानंतरच्या संसारातली कुरकुर, सासूचा जाच, माहेरी जायची घाई, हे सगळं या पोरींच्या गाण्यांनी भरून काढलं. अलीकडे मंडळांच्या स्पर्धा होतात, ध्वनिक्षेपकावर गाणी वाजतात, परीक्षक बसतात. पूर्वीची गल्लीतली घाईगडबड त्यात उरत नाही, पण गाणी तरी उरली.

रुक्मिणीकडे परत येऊ. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर आता मराठी भाषा विद्यापीठामुळे सरकारी कागदांवर आलं आहे. महानुभावांना ते सातशे वर्षांपासून ठाऊक आहे. तेराव्या शतकात इथे गोविंदप्रभू राहत होते. लहर लागली की लहान मुलासारखं वागणारा हा अवतारी पुरुष एकदा लग्नाच्या लहरीत आला. भक्तांनी लग्नाचा घाट घातला आणि नवरदेवापुढे गाणी म्हणायला महदाइसेला बसवलं. तिने जे म्हटलं ते धवळे. विषय होता रुक्मिणीचं लग्न. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री ती, आणि तिचा मजकूर कृष्ण-रुक्मिणीचा, तोही कुंडिनपूरच्या मुलखातच. धवळ्यांचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दोन भाग आहेत, मिळून 148. उत्तरार्ध तिने नंतर रचला. पुढचं ऐकायची भूक रिद्धपुरातही होतीच.

त्याच काळातला महानुभाव कवी नरेंद्र. त्याच्या रुक्मिणीस्वयंवरावर स्वतःचं नाव घालून मिळावं म्हणून देवगिरीच्या रामदेवरावाने सोनं देऊ केलं, नरेंद्राने ते नाकारलं, ग्रंथ दरबारात अडकला, आणि भावांनी आठवणीत साठवून आणलेल्या ओव्याच पंथाच्या हाती लागल्या, अशी परंपरा आहे. 879 ओव्यांचं ते काव्य पुढे शतकानुशतकं वाचलं गेलं. 1571 मध्ये काशीत एकनाथांनी आपलं रुक्मिणीस्वयंवर पुरं केलं. ते तर मराठी घरांत लग्न जमावं म्हणून उपवर मुलींच्या हाती दिलं जातं. मुलीचं लग्न ठरलं की पोथी कपाटात जाते. पोथीचा उपयोगही लग्नापर्यंतच.

अमरावतीत अंबादेवीच्या देवळात गेलं की सांगतात, रुक्मिणी दर्शनाला आली ती इथेच, आणि इथून थेट कौंडण्यपूरपर्यंत, म्हणजे पोथीतल्या कुंडिनपुरापर्यंत, भुयार आहे. अंतर चाळीस-एक किलोमीटर. भुयार कोणी पार केलेलं नाही, पण त्याशिवाय पोरगी रक्षकांच्या गराड्यातून एवढ्या लांब कशी आली हे कोडं सुटत नाही, म्हणून भुयार लागतंच. कौंडण्यपूरवाले आपल्याकडचंच अंबिकेचं देऊळ दाखवतात. हा वाद गोडीचा आहे. तिकडे अरुणाचलात इदू मिश्मी लोकांची कहाणी ऐकली तर वऱ्हाडकरांच्या भुवया उंचावतील. रोइंगजवळ भीष्मकनगरचा पडका किल्ला आहे, रुक्मिणी आमच्याकडची असं ते सांगतात, आणि पुरुषांनी केस आखूड कापण्याची त्यांची जुनी रीत कृष्णाने रुक्मीचे केस भादरले त्या घटनेशी जोडतात. आसामात शंकरदेवांनी रुक्मिणीहरणावर काव्य आणि नाट दोन्ही लिहिली. गुजरातेत माधवपूरला या लग्नाची जत्रा रामनवमीपासून भरते. एका मुलीची दोन माहेरं झाली म्हणून कोर्टात जाण्यात अर्थ नाही. तिकडेही लोकांना विसरता आला नाही तो हरलेला भाऊच, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

कौंडण्यपूर तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी टेकाडावर आहे. नदीच्या पलीकडे वर्धा जिल्हा. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात विदर्भाची दोन भावांत वाटणी होते तेव्हा हीच वरदा सीमा ठरते. 1960 च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी इथे उत्खनन केलं, 1968 मध्ये त्याचा अहवाल निघाला. लोहयुगापासून सातवाहनांपर्यंतच्या वस्तीचे थर मिळाले. म्हणजे गाव जुनं आहे हे पक्कं. भीष्मकाचा वाडा वगैरे काही मिळालेलं नाही, आणि ते मिळावं म्हणून कोणी अडून बसलेलंही नाही.

कारण गावाचं लक्ष पंढरपूरकडे आहे. भागवत-हरिवंशात नसलेली पुढची गोष्ट पंढरपूरने जोडली. राधेवरून रुसलेली रुक्मिणी द्वारका सोडून दिंडीरवनात आली, तिला शोधत कृष्ण आला, पुंडलिकाच्या दारी विटेवर उभा राहिला. पंढरपुरात विठ्ठल आणि रुक्मिणी एका गाभाऱ्यात नाहीत, तिचं देऊळ वेगळं आहे, तेही या रुसव्यानेच समजावून सांगतात. रुसून बाहेर पडलेल्या बाईला माहेर लागतं. ते कौंडण्यपूरने पुरवलं. 1594 पासूनची परंपरा सांगितली जाते, संत सदाराम महाराजांनी सुरू केलेली. रुक्मिणीची पालखी इथून निघते, महिनाभराहून अधिक चालते आणि आषाढीला पंढरपुरात रुक्मिणीला माहेरची साडी-चोळी देते. वाटेत अमरावतीकर तिचं स्वागत करतात ते लेकीच्या पालखीचं करावं तसं. वारकरी तिला आई म्हणतो. कौंडण्यपूरचा वारकरी आई म्हणत असला तरी साडी मात्र लेकीला नेतो. दोन्ही नाती एकाच वाटेवर चालतात आणि कोणाचा गोंधळ होत नाही.

माहेरची साडी नेणं हे खरं तर भावाचं काम. आणि रुक्मिणीचा भाऊ कोणत्या अवस्थेत मेला ते आपण वर पाहिलं. कोणत्याही कीर्तनात मी हा सांधा जोडलेला ऐकलेला नाही, तो माझाच आहे. पण भोजकटातल्या त्या मांडवात जी जागा रिकामी झाली ती जागा कौंडण्यपूरची माणसं चारशे वर्षं भरत आहेत असं मला दिसतं. भागवताला ज्या बाईच्या तोंडी दुःखाचा शब्द घालायला सुचला नाही, तिला या मुलखाने दरवर्षी विचारपूस करणारे भाऊ दिले. रुक्मीबद्दल एक अक्षर न बोलता.

2021 मध्ये करोनामुळे पायी वारी बंद होती आणि मानाच्या मोजक्या दहा पालख्यांनाच पंढरपूरला जायची परवानगी मिळाली. त्या दहांत कौंडण्यपूरची रुक्मिणी होती. प्रत्येक पालखीला दोन बसगाड्या दिल्या होत्या. त्या साली साडी एसटीने गेली. खंड पडला नाही.

दिवाळीमागून कार्तिकी येते. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास कौंडण्यपुरात यात्रा भरते आणि दहीहंडी फुटते. पंढरपूरची एकादशी आटोपून विठ्ठल तेव्हा आपल्या सासुरवाडीला येतो असं मानतात. ज्याने भर दिवसा मुलगी रथात घालून नेली तो जावई म्हणून येतो, दही खातो, मान घेतो. जिल्हाभरातून माणसं येतात, कुऱ्ह्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. त्यात भातकुलीकडचेही असतात. कुंडिनपुरात पाऊल न ठेवण्याची रुक्मीची शपथ त्यांनी कधी स्वतःला लावून घेतली नाही.